चौथा कप्पा

कोंडवेळच्या कुठल्याही माणसाला विचारा, भुवडवाडी कुठे आली? तो हात उचलायचीही तसदी घेणार नाही. नुसती हनुवटी डोंगराकडे करील आणि म्हणेल, "ती? ती पार पलीकडं. आमच्यात मोडत नाय ती." सरकारदरबारी मात्र मोडते. ग्रामपंचायत एक, रेशनदुकान एक, शाळा एक. मधे एवढा थोरला डोंगर आणि एक ओढा, आणि ओढ्यावरचा साकव एका पावसात वाहून गेला तो गेलाच. म्हणून वाडीची माणसं पत्ता लिहिताना आधी गावाचं नाव लिहितात, मग एक तिरकी रेघ ओढतात आणि मग वाडीचं नाव लिहितात. कोंडवेळ/भुवडवाडी. आजोबा-पणजोबांपासून हीच रीत. रेशनकार्डावर तशीच, लग्नपत्रिकेवर तशीच, आणि पोस्टमनलाही तीच ओळखीची.

दर्शना भुवड याच वाडीची. पुण्याला शिकून प्रोग्रॅमर झालेली वाडीतली पहिली मुलगी. तिथली चांगली नोकरी सोडून ती रत्नागिरीला परत आली, ती 'हाक' सेवेसाठी.

माणसं चंद्रावर वस्ती करायच्या गप्पा मारत होती तेव्हासुद्धा या डोंगरवाड्यांत मोबाइलला रेंज नव्हती बरं का! म्हणून 'हाक' निघाली. वाडीतल्या आशाताईकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेविकेकडे, तळहाताएवढं एक यंत्र. त्यात ठिकाण लिहायचं, दुखणं निवडायचं, बटण दाबायचं. ते यंत्र सरळ उपग्रहाशी बोलायचं, पण ही वाट इतकी अरुंद की तिच्यातून माणसाचा आवाज जात नसे, फोटो जात नसे. जायचा तो एका ओळीचा वेबपत्ता. कुठे जायचं आणि काय न्यायचं, सगळं त्या एका ओळीत. ती वाचून रत्नागिरीच्या तळावरचं ड्रोन स्वतःच औषध उचलायचं आणि उडायचं. सापावरचं इंजेक्शनसुद्धा आता पूड होऊन आलं होतं, फ्रीज नको की डॉक्टर नको. पेटीतला पट्टा रोग्याच्या दंडाला बांधायचा, तो रक्ताचा थेंब तपासून मात्रा ठरवायचा आणि आपला आपण टोचायचा. मधे माणूस नाही म्हणून उशीर नाही, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं गेलं, आणि टाळ्या पडल्या. त्यात दर्शनाच्याही होत्या.

भातकापणीचे दिवस होते. सकाळी चहाचा कप घेऊन दर्शना नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यासमोर येऊन बसली, तर पडद्यावर अक्षरं उमटली: ठिकाण कोंडवेळ, सर्वसाधारण पेटी. म्हणजे तापाच्या गोळ्या, पट्ट्या, मलम, असलं किरकोळ. ड्रोन उडालंसुद्धा.

"अय्या, आमचं गाव!" ती शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हणाली. तिने पडद्याचा फोटो काढला आणि आपल्या भावाला, संदेशला पाठवला. खाली लिहिलं, 'दादा, बघ, आपल्या गावाला विमान चाललंय!' दादा वाडीत होता, त्याच्या फोनला रेंज कुठली? पण कधीतरी गावात उतरला की बघेल, खूश होईल.

थोड्या वेळाने तेच परत. कोंडवेळ, सर्वसाधारण पेटी. दुसरं ड्रोन गेलं. पहिलं परत येऊन चार्जिंगला लागतंय न लागतंय, तोच तिसऱ्यांदा तीच हाक, आणि तेही अर्ध्या बॅटरीवर निघालं. दर्शनाला वाटलं, तापाची साथबिथ आली की काय. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या शिपायाचा, शांतारामतात्यांचा फोन आला. तात्या हसत होते.

"काय गो बाय, आमच्या गच्चीवर पेट्यांचं दुकान मांडतंस काय? तीन झाल्या."

"तात्या, कोण आजारी आहे गावात?"

"कोण नाय! सगळी भात कापाय गेलीत. मागवल्या कोणी, तेच इचाराय फोन केला."

यंत्रातून आलेली मूळ ओळ तिने उघडली. ओळ अशी होती: पाठवा/कोंडवेळ/भुवडवाडी/सर्पदंश.

ती खुर्चीवरून उठली आणि परत बसली.

हे झालं कसं, ते समजून घ्यायलाच हवं, आणि त्यात अवघड काही नाही. वेबपत्ता म्हणजे ओळीने मांडलेले कप्पे. दोन कप्प्यांच्या मधली भिंत म्हणजे तीच तिरकी रेघ. 'हाके'च्या ओळीत तीन कप्पे ठरलेले: पहिल्यात हुकूम, दुसऱ्यात ठिकाण, तिसऱ्यात दुखणं. आता माणसाने लिहिलेल्या ठिकाणातच एक रेघ असली, तर ती माणसाची की यंत्राची, हे यंत्राला कसं कळावं? ते भिंतच समजणार. म्हणून माणसाने लिहिलेलं काहीही पत्त्यात घालण्याआधी गुंडाळून घ्यायचं असतं. प्रत्येक खुणेच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि एक ठरलेला आकडा. मग ती रेघ रेघ न राहता सांकेतिक मजकूर होते, मुकाट प्रवास करते आणि पलीकडे उलगडली की पुन्हा रेघ. पंगतीत आमटी द्रोणात वाढतात, तसंच हे. द्रोण दिला नाही तर आमटी पानभर पसरते आणि भात कुठला, भाजी कुठली, काही कळत नाही. हा द्रोण म्हणजे प्रोग्रॅममधली एक ओळ. एकच. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात.

दर्शनाने ती घातली होती, आणि मग तिनेच काढली होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिचे वरिष्ठ, खानविलकर सर, मोठ्या पडद्यासमोर कपाळाला आठ्या घालून उभे राहिले होते. ओळ गुंडाळली की मराठीचं एकेक अक्षर टक्के आणि आकड्यांची लांबलचक माळ होतं. 'कोंडवेळ' एवढ्या नावाने पडद्याची एक सबंध ओळ खाल्ली होती.

"दर्शना, हे काय गबाळ गं? टक्के, टक्के, टक्के! आपण छातीठोक सांगणार की देशात पहिल्यांदा मराठी पत्त्यावर चालणारी सेवा, आणि पाहुण्यांना दाखवायचं हे? मराठी कुठाय यात?"

खरं सांगायचं तर तिलाही ते खुपत होतं. आपल्या गावाचं नाव आपल्या अक्षरांत झळकावं, असं कुणाला वाटणार नाही? तिने विचार केला, की अक्षरं तर उपग्रहाकडे पाठवणारं यंत्र स्वतःही गुंडाळतंच, मग आपण दोनदा कशाला? तो विचार अर्धाच खरा होता. ते यंत्र अक्षरं गुंडाळायचं, खुणांना हात लावायचं नाही. तिने ती ओळ काढली, चाचणी म्हणून ठिकाणाच्या जागी 'कोंडवेळ' लिहिलं, आणि पडद्यावर टपोऱ्या मराठीत कोंडवेळ झळकलं. ड्रोन बरोबर पोचलं. सर म्हणाले, "वा!"

भुवडवाडी घालून तिने पाहिलंच नाही. हॉस्टेलवर कुणी विचारलं, कुठली गं तू, तर ती नेहमी म्हणायची, कोंडवेळची. वाडी म्हटलं की पुढचे प्रश्न सुरू होतात, म्हणून वाडी गाळायची जिभेला सवय लागली होती. ती सवय जिभेवरून बोटांत कधी उतरली, तिला कळलंच नाही.

मग त्या सकाळी काय झालं? तळावरच्या यंत्राने ओळ वाचली. दुसरा कप्पा, कोंडवेळ. म्हणजे तिकडे जायचं. तिसरा कप्पा, भुवडवाडी. या नावाचं दुखणं काही त्याच्या माहितीत नव्हतं, म्हणून त्याने सर्वसाधारण पेटी उचलली. चौथ्या कप्प्यात 'सर्पदंश' लिहिलेलं होतं, स्वच्छ मराठीत. पण चौथा कप्पा वाचायला कुणी ठेवलंच नव्हतं.

दर्शनाने ओळ हाताने नीट बांधली आणि हुकूम दिला. दोन्ही ड्रोनं कोंडवेळच्या फुकट फेऱ्या मारून उपाशी झालेली. एक तर अजून वाटेत होतं. चार्जिंगचा हिरवा पट्टा मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होता, आणि ती त्याच्यासमोर उभी राहून "चल ना रे, चल ना" म्हणत होती. शेवटी ते उडालं तेव्हा दुपार कलायला आली होती. प्रोग्रॅममधली काढलेली ओळ तिने परत जागच्या जागी घातली, जीप काढली आणि वाट धरली. तोवर तिला एवढंच माहीत होतं की वाडीत कुणालातरी साप चावलाय, आणि हाक मारणारी तिची वहिनी आहे. सुवर्णावहिनी, वाडीची आशाताई.

कोंडवेळच्या अलीकडच्या उतारावर तिला डोली दिसली. चार माणसांनी खांद्यावर धरलेली, मागे पदर खोचून पळणारी सुवर्णा. डोलीत दादा होता.

घोणस होती. भाताच्या पेंढीखाली. पोटरी कोहळ्यासारखी सुजली होती आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. दंडाला पट्टा बांधलेला होता, सुई टोचलेली होती. दादाने डोळे उघडले.

"तुजं विमान आलं बघ," तो म्हणाला. "जरा उशिरानं आलं. पण आलं."

"दादा, बोलू नकोस."

"आमी सगळी वर बघून होतो गो. पोरं तर नाचली."

डोली गावात शिरली तशी त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला. रेंज आली होती. सुवर्णाने फोन काढून पाहिला आणि दर्शनाच्या हातात दिला. सकाळचा फोटो आला होता. दादा, बघ, आपल्या गावाला विमान चाललंय.

रुग्णालयात डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. पण रक्त गोठायचं विसरलं होतं आणि मूत्रपिंडं बंद पडली होती. "इंजेक्शन वेळेत मिळालं असतं तर हा माणूस आपल्या पायांनी घरी गेला असता," डॉक्टर म्हणाले. ते कुणाला दोष देत नव्हते, नुसतं सांगत होते. संदेश भुवड तिसऱ्या दिवशी पहाटे गेला.

चौकशी झाली, आणि झटपट झाली. खानविलकरांनी दर्शनाला केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून दार लावलं.

"अहवालात जाईल की वापरणाऱ्या व्यक्तीने न चालणारं चिन्ह टाकलं."

"सर, ते चिन्ह चालायला हवं होतं. ओळ मी काढली."

"काढायला मी सांगितलं." ते बसले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, खोटं कशाला बोला. "हे कागदावर गेलं तर सेवा उद्या बंद. दहा वाड्या आत्ता कुठे या सेवेवर विसंबायला लागल्यात. तुझा भाऊ गेला. आता त्यांचेही जाऊ द्यायचे का? ओळ परत घातलीस ना? मग झालं."

"आणि माझी वहिनी?"

"तिला नुसती ताकीद. नोकरीला धक्का नाही लागू देणार."

दहा वाड्यांचा हिशेब खोटा नव्हता, म्हणूनच तो मोडता येईना. दर्शना गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्याचीच तिला शिसारी आली.

बाराव्याला ती वाडीत गेली. ताकीद तिच्या आधी पोचली होती, आणि ताकिदीसोबत सगळ्या आशाताईंना परिपत्रकही: ठिकाणाच्या जागी कोणतंही चिन्ह टाकू नये, फक्त महसुली गावाचं नाव लिहावं. घराच्या पडवीत बायका बसल्या होत्या. सुवर्णा आत आली की त्या बोलायच्या थांबत होत्या. कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, पण वाडीत कुजबुज एकच होती, की बायकोनेच चुकीचं लिवलं आणि नवरा गेला.

परसात, चुलीच्या लाकडांशी, दर्शनाने वहिनीला गाठलं आणि सगळं सांगितलं. द्रोण, कप्पे, मोठा पडदा, काढलेली ओळ, सगळं. सुवर्णा ऐकत राहिली. हातातलं लाकूड तिने खाली ठेवलं नाही.

"शाळेत आमाला यंत्र शिकवाय आलीवतीस," ती म्हणाली, "तवा मी उठून इचारलं होतं. वाडीचं नाव कसं लिवायचं? तू काय सांगितलंस?"

"रेशनकार्डावर लिहिता तसंच लिहा."

"अजून काय सांगितलंस?"

"माणसाने यंत्राचं शिकायचं नाही. यंत्राने माणसाचं शिकायचं."

"मी तसंच लिवलं. तीनदा लिवलं. विमान वरनं जायचं, उतरायचं नाय. वाटलं, माजी बोटं कापतायत म्हणून चुकतंय." लाकूड खाली पडलं. "म्हंजे माज्या हातनं नाय गेला तो?"

"नाही वैनी. माझ्या."

तेव्हा सुवर्णा रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. मोकळी होऊन, तोंडावर पदर न घेता रडली. दर्शनाने हात पुढे केला, तो तिने झिडकारला नाही आणि धरलाही नाही.

"हे बाहेर सांगशील?" तिने विचारलं.

दर्शनाने सांगितलं. पडवीत, सगळ्या वाडीसमोर, उभी राहून. बायकांनी सुवर्णाकडे बघितलं आणि माना खाली घातल्या. दर्शनाची आई भिंतीला टेकून बसली होती. तिला कप्पे कळले नाहीत, ओळ कळली नाही. तिने एवढंच विचारलं, "आपल्या वाडीचं नाव घालून बघितलं न्हवतंस?"

"नाही आई."

"का गो?"

याला उत्तर होतं, पण ते आईला देण्यासारखं नव्हतं. आई उठली आणि आत गेली. त्यानंतर ती लेकीला जेवायला वाढायची, अंथरूण घालायची, पण तिच्याशी बोलली नाही.

रत्नागिरीला परतून दर्शनाने सगळं लेखी दिलं. दहा वाड्यांचा विचार करून करून तिचं डोकं फुटायची पाळी आली होती, पण वहिनीच्या नावावरचा डाग तिला बघवेना. झालं काय? सेवा काही बंद पडली नाही. तिचं निवेदन 'भावनेच्या भरात' दिलेलं ठरलं, अहवाल आहे तसाच राहिला आणि परिपत्रकही. तिने राजीनामा दिला, तो मात्र त्याच संध्याकाळी मंजूर झाला. ती वाडीत येऊन राहिली. लोक तिला टाकून बोलत नव्हते. काही बोलतच नव्हते म्हणा.

शिमग्याच्या सुमारास शेजारची अश्विनी बाळंत झाली. दिवसा, घरीच, दिलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी. बाळ रडलं, सगळं सुखरूप म्हणेपर्यंत रक्त सुरू झालं आणि ते थांबेना. सुवर्णा यंत्र घेऊन अंगणात आली. ठिकाणाच्या जागी तिने लिहिलं, कोंडवेळ. पुढे काही नाही.

दर्शना धावली. "वैनी, वाडी लिही! रेघ मारून लिही, पूर्वीसारखं! मी ओळ परत घातलीय, आता थेट इथं येईल!"

सुवर्णाने तिच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तवा पण तू असंच सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"मी शपथ घेते, वैनी. दादाची शपथ घेते."

"नको. त्याची नको घेऊस." तिने बटण दाबलं, यंत्र पदराखाली धरलं की कुणी हिसकावू नये, आणि पडवीतल्या दोन तरण्या पोरांना हाक मारली. "पळा. ओढ्यातनं जावा, वळसा घालू नका. पंचायतीच्या गच्चीवर पेटी येतेय, ती घेऊन या." पोरं चपला टाकून पळाली.

ती अश्विनीकडे आत गेली. दर्शना अंगणात राहिली. प्रोग्रॅममधली ती ओळ जागच्या जागी होती, शंभरदा तपासलेली, निर्दोष. आता सबंध डोंगरात तिचा उपयोग करणारं कुणी नव्हतं. परिपत्रकाप्रमाणे कुठलीच आशाताई वाडीचं नाव लिहीत नव्हती. यंत्राच्या लेखी भुवडवाडी नावाचं ठिकाण उरलंच नव्हतं, आणि वाडीच्या लेखी यंत्राचा भरवसा.

तळापासून कोंडवेळला जायची आभाळातली सरळ वाट भुवडवाडीवरूनच जाते. गुणगुण आधी ऐकू आली, मग ड्रोन दिसलं. खाली दादाचं घर, अश्विनीचं घर, वाळत घातलेले कपडे आणि वर बघणारी माणसं. ते इतकं खालून चाललं होतं की पोटाशी बांधलेली पेटी आणि तिच्यावरची लाल खूणसुद्धा दिसत होती. या खेपेला पेटी बरोबर होती. दर्शना अंगणाच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडली, "इथे! अरे इथे थांब, इथे!"

ते कौलांवरून गेलं, काजूच्या झाडांवरून गेलं आणि डोंगरापलीकडे उतरलं.

आतून सुवर्णाचा आवाज आला, "पोरं डोंगर चढली का गो?"

दर्शनाने पाहिलं. पोरं अजून ओढ्यातच होती.